भूत कोणाचं, आणि ते केलं कोणी? : विशाल फुरिया यांच्या सिनेमांविषयी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बचत गटांच्या सगळ्या ताया, आशाताई, अंगणवाडीताई, आणि भाकऱ्या थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याजणी, तुम्हाला रामराम. किन्हवली, डोळखांब, खर्डी, तिकडे सरळगाव, धसई, टोकावडे, जिथवर आवाज पोचतोय तिथवर सगळ्यांना.

आज विषय आहे भुताच्या सिनेमांचा. घरात लहान पोरं ऐकत असतील तर राहू द्या, घाबरवणारं काही सांगणार नाही. एका दिग्दर्शकाची ओळख करून द्यायची आहे. त्यांचं नाव विशाल फुरिया. नाव ओळखीचं वाटलं नाही तर नवल नाही. आपण नट-नटी लक्षात ठेवतो, दिग्दर्शकाचं नाव येईपर्यंत आपलं लक्ष दुधावर गेलेलं असतं. पण २०२५ साली काजोलचा 'माँ' नावाचा सिनेमा आला, तो कुणी बघितला असेल. त्याआधी मोबाइलवर 'छोरी' आला होता, नुसरत भरूचाचा. आणि त्याच्याही आधी मराठीत पूजा सावंतचा 'लपाछपी'. हे तिन्ही सिनेमे याच माणसाने केलेत. तिन्ही भुताटकीचे. आणि तिन्हींमध्ये मधोमध एक बाई आहे आणि तिची लेक आहे. कधी लेक पोटात आहे, कधी हाताशी धरलेली आहे.

आता कुणी म्हणेल, बाई गं, आम्हाला पाण्याची पंचाईत, लेकराच्या दाखल्याची पंचाईत, तुम्ही भुताचा सिनेमा कुठून काढलात? तर याचसाठी काढला, की भुताची भीती आपल्या गावात नुसती सिनेमापुरती नाही. ती कुणाच्या तरी नावावर चिकटवली जाते, आणि बऱ्याच वेळा ते नाव बाईचं असतं. त्या गोष्टीकडे शेवटी येते. आधी सिनेमे.

भुताचा सिनेमा आपल्याला नवा नाही. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. तात्या विंचू नावाचा बाहुला अजून पोरांच्या तोंडी आहे. त्याच्या आधी हिंदीत रामसे बंधूंचे सिनेमे होते, 'पुराना मंदिर', 'वीराना'. पडका वाडा, अमावस्येची रात्र, धूर, करकरणारं दार. त्या सिनेमांत बाईला कामं दोनच. एक तर तिने किंकाळी फोडायची, नाही तर तिनेच चेटकीण व्हायचं. बघणारा घाबरायचा, हसायचा, आणि घरी येऊन जेवून झोपायचा.

पण आपल्या आजीने सांगितलेली भुतं आठवा. हडळ, जखीण, अळवंत. या सगळ्या बायका. कुणी बाळंतपणात गेलेली, कुणी विटाळात गेलेली, कुणी भर संसारात गेलेली. आजी सांगायची की तिची इच्छा राहिली, म्हणून ती फिरते. गोष्ट तिथेच संपायची. ती बाळंतपणात गेली कशी, हे कुणी विचारायचं नाही. सुईण होती का? पाड्यावरून रस्त्यापर्यंत तिला झोळीतून न्यायला किती वेळ लागला? पोटुशी असताना तिच्या ताटात काय पडत होतं? हे प्रश्न गोष्टीत नसतात. गोष्टीत एवढंच असतं की ती आता पिंपळाखाली उभी असते आणि तिथून रात्री जाऊ नये.

विशाल फुरिया यांच्या सिनेमांत तो प्रश्न विचारला जातो. भूत दिसतं, आपण घाबरतो, आणि मग सिनेमा हळूहळू मागे जाऊन दाखवतो की ही जिवंत असताना हिच्याशी कोण कसं वागलं.

'लपाछपी' थिएटरात लागला तो जुलै २०१७ मध्ये. नेहा नावाची शहरातली बाई, दिवस भरत आलेली. नवऱ्याने पैसे उचललेत, वसुलीवाले मागे लागलेत. म्हणून दोघं शहर सोडून ड्रायव्हरच्या ओळखीने एका आडगावच्या घरी येऊन राहतात. घर उसाच्या मळ्याच्या मधोमध. आपल्याकडे ऊस नाही, आपला भात. पण पश्चिम महाराष्ट्रात ज्या कुणी माहेरवाशिणी असतील त्यांना ठाऊक आहे, वाढलेला ऊस माणसाच्या डोक्यावर जातो. आत शिरलं की चारी दिशा सारख्या. हाक मारली तर हाक कुठून आली ते कळत नाही. या सिनेमात पुष्कळदा भीती वाटते ती भर दिवसा, उन्हात. काळोख नाही, पडका वाडा नाही. घर सारवलेलं आहे, चूल पेटलेली आहे, आणि तुळसाबाई नावाची वयस्कर बाई नेहाला प्रेमाने खाऊ-पिऊ घालते आहे. तुळसाबाईचं काम ज्येष्ठ अभिनेत्री उषा नाईक यांनी केलंय. ती बाई आवाज न चढवता बोलते, आणि तरी अंगावर काटा येतो.

नेहाला त्या उसात पोरं दिसायला लागतात. पोरं तिच्याशी लपाछपी खेळतात. एक बाईही दिसते. तुळसाबाई सांगते, ती बाई वाईट आहे, ती तुझ्या पोटातल्या बाळावर टपलीय. नेहाला खरं वाटतं. आपल्यालाही वाटतं. आता पुढचं सांगितलं तर सिनेमातली मजा जाईल, म्हणून बेतानेच सांगते. ज्या बाईला आपण भूत समजून घाबरत असतो, तिच्यावरच अन्याय झालेला असतो. आणि जी माणसं नेहाला जपतोय असं दाखवतात, त्यांच्याच घरात मुली जगू दिलेल्या नसतात. मुलगाच हवा, यासाठी. नेहाला धोका असतो तो त्या जिवंत माणसांपासून.

या कामासाठी पूजा सावंत यांना स्पेनमधल्या माद्रिदच्या चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराहून मला तुळसाबाईबद्दल बोलायचंय. सिनेमा तिला नुसती दुष्ट सासू करून सोडत नाही. तीही कधी त्या घरात नवी नवरी म्हणून आली होती. तिलाही कुणीतरी सांगितलं होतं की घराण्याचं असंच असतं. तिने ते मान खाली घालून ऐकलं, आणि म्हातारपणी तेच दुसरीला सांगायला लागली. आपल्यात अशी बाई कुणी बघितली नाही, असं म्हणणारी एक तरी निघेल का? 'दुसरीपण मुलगीच झाली का गं' असं बाळंतिणीला तोंडावर विचारणारी आपल्याच गल्लीत असते, आणि बऱ्याचदा ती वाईट बाई नसते.

हे सगळं सिनेमावाल्यांनी हवेतून काढलेलं नाही. जनगणनेचा आकडा बघा. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे मुली किती, तर २००१ साली ९१३ होत्या आणि २०११ साली ८९४. दहा वर्षांत शाळा वाढल्या, दवाखाने वाढले, सोनोग्राफीची मशीनं वाढली, आणि मुली कमी झाल्या. खरं तर गर्भाची तपासणी करून मुलगी पाडायला बंदी घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी आपल्याच राज्याने केला, १९८८ साली. मग १९९४ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. त्या कायद्यातली एक गोष्ट प्रत्येक गटाने लिहून ठेवावी. तपासणी करून घेतलेल्या बाईवर नवऱ्याचा आणि नातेवाइकांचा दबाव होता असंच कायदा धरून चालतो, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे कुणी घाबरवलं, 'तूच तुरुंगात जाशील, गप्प बस', तर तिने घाबरून गप्प बसायचं कारण नाही.

'लपाछपी'नंतर फुरिया यांनी भुताविनाही काम केलं. २०१९ साली 'क्रिमिनल जस्टिस' नावाची हिंदी मालिका मोबाइलवर आली. ती तिग्मांशू धुलिया आणि विशाल फुरिया या दोघांनी मिळून दिग्दर्शित केली. विक्रांत मेसी आणि पंकज त्रिपाठी त्यात होते. एक साधा मुलगा खुनाच्या आरोपात सापडतो, मग पोलीस ठाणं, तुरुंग, कोर्ट. त्यात भूतबित काही नाही. पण एकट्या पडलेल्या माणसाला बंद जागेत कसं वाटतं, ते तिथेही आहे.

मग २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये 'छोरी' आला. हा म्हणजे 'लपाछपी'च, हिंदीत, त्याच दिग्दर्शकाने परत केलेला. थिएटरऐवजी तो ॲपवर आला, म्हणून घरोघरी मोबाइलवर पोचला. तुळसाबाईच्या जागी आली भन्नो देवी, ते काम मीता वशिष्ठ यांनी केलं. भाषा बदलली, लुगडं गेलं आणि घागरा आला. पण ऊस तोच, घर तेच, आणि घरातलं पाप तेच. एवढ्या लांबच्या मुलखात कथा नेली, तर तिच्या मुळाला हात लावावा लागला नाही. मुलगी नकोशी असण्याला भाषा आड येत नाही, हे त्यावरून कळतं.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, डिसेंबर २०२१ मध्ये, त्यांचा मराठी सिनेमा 'बळी' आला. यात स्वप्नील जोशी आहेत. हसऱ्या, प्रेमळ भूमिकांत आपण त्यांना बघतो, इथे ते एकट्याने मुलाला वाढवणारे वडील झालेत. मुलाला दवाखान्यात दाखल केलंय, आणि ते पोर एका नर्सशी बोलतंय जी दुसऱ्या कुणाला दिसत नाही. पोर दवाखान्यात असताना आईबापाचा जीव कसा होतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. उल्हासनगरला, कळव्याला, सायनला लेकरू घेऊन गेलेल्या आपल्यात कितीतरी आहेत. कोणता कागद कुठे द्यायचा कळत नाही, मोठ्या डॉक्टरांना विचारायची भीती वाटते. त्या भीतीवरच 'बळी' उभा आहे.

२०२५ साली एप्रिलमध्ये 'छोरी'चा दुसरा भाग आला आणि जूनमध्ये काजोलचा 'माँ'. 'छोरी'च्या पहिल्या भागात जी पोटात होती, ती दुसऱ्या भागात सात वर्षांची झालीय. तिला पळवून नेतात, आणि आई तिच्यामागे जमिनीखालच्या जगात उतरते. सोहा अली खान यात दासी माँ झाल्या आहेत. 'माँ'ची गोष्ट बंगालमधल्या एका गावात घडते. नवरा गेल्यावर वडिलोपार्जित हवेलीचं काय ते मिटवायला आई लेकीला घेऊन त्या गावी जाते. तिथे मुली वयात आल्या की नाहीशा होतात. गावाला माहीत असतं, पण बोलत कुणी नाही. म्हणजे 'लपाछपी'त मुलगी जन्मायच्या आधी नको, पुढे ती लहान असताना नेली जाते, आणि 'माँ'मध्ये ती न्हाती-धुती होताच नेली जाते. आठ वर्षांत मुलीचं वय वाढत गेलं, तिच्या मागचा धोका काही सुटला नाही.

आता गोड गोड बोलून थांबणार नाही. या सिनेमांबद्दल माझी एक तक्रारही आहे. 'लपाछपी'त भूत काढून टाकलं तरी गोष्ट खरी राहते. माणसांनी केलेलं पाप माणसांचंच राहतं. पुढच्या सिनेमांत मात्र राक्षस, शाप, मंत्र, बळी यांचा पसारा वाढत गेला. 'माँ'मध्ये तर शेवटी आईच्या अंगात कालीमाता संचारते आणि ती राक्षसाला मारते. पडद्यावर बघायला जोर येतो, टाळ्या पडतात. पण घरी लहान मुलगी विचारील, 'आई, राक्षस खरा असतो का?' तेव्हा उत्तर तयार ठेवायला हवं. मुलींना नेणारा राक्षस नसतो. नेणारा कामाला लावतो म्हणणारा दलाल असतो, नाही तर अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न उरकणारे घरचेच असतात. आणि देवी अंगात येईपर्यंत थांबायला तिथे वेळ नसतो. तिथे शेजारीण लागते, गट लागतो, शाळेतल्या बाई लागतात, पोलीस लागतात.

आणि आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी हा सगळा विषय काढला.

सिनेमातलं भूत दोन तासांनी जातं. गावातलं भूत कुणाच्या तरी दारात बसवलं जातं. एखाद्या घरी लागोपाठ दोन माणसं आजारी पडली, गाय मेली, पोर ताप येऊन गेलं, की कुणीतरी भगताकडे जातं. भगत नाव घेतो किंवा दिशा दाखवतो. त्या दिशेला बहुतेक वेळा एखादी विधवा राहते, एकटी म्हातारी राहते, किंवा जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशी बाई राहते. तिला भुताळी म्हणतात. मग तिच्याकडचं पाणी बंद, हळदीकुंकू बंद, पोरांनी तिच्या अंगणात जायचं बंद. कधी मारही. पुरुषही यातून सुटत नाहीत. मार्च २०२४ मध्ये आपल्याच मुरबाड तालुक्यातल्या एका गावात करणी करतो या संशयावरून एका म्हाताऱ्या माणसाला निखाऱ्यांवर नाचायला लावलं. त्याचे पाय भाजले. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. हे घडलं तेव्हा भोवती गाव जमलं होतं. तो सिनेमा नव्हता.

अशा वेळी काय करायचं यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. कुणाला भुताळी किंवा करणी करणारी ठरवून छळणं, भूत उतरवतो म्हणून बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात न नेता मंत्र टाकत बसणं, हे सगळं त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. देवाची पूजा, जत्रा, वारी, कीर्तन यांना या कायद्याची आडकाठी नाही. म्हणून कुणी म्हणालं, 'हा कायदा देवाच्या विरुद्ध आहे', तर त्यांना हे सांगा.

तर गटाच्या पुढच्या बैठकीत, हप्ते गोळा करून झाले, वही मिटली, की एक काम करून बघा. कुणाच्या मोबाइलवर जमलं तर 'लपाछपी' किंवा 'छोरी' मिळून बघा. पोरांना झोपवून बघा, आणि जिला दिवस गेलेत तिला बसवू नका. संपला की लगेच घरी पळू नका. तीन प्रश्न घ्या. ही बाई भूत कशी झाली? तिचं मरण कुणी बघितलं, आणि ते का बोललं नाही? आपल्या पाड्यावर तिच्या जागी आज कोण आहे?

तिसऱ्या प्रश्नाला कदाचित कुणी नाव घेणार नाही. सगळ्यांच्या मनात एकच नाव येईल आणि सगळ्या गप्प बसतील. बसू द्या. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघींनी मिळून त्या बाईच्या घरी जा. एकटीने जाऊ नका, दोघी-तिघींनी जा, म्हणजे तिच्याकडे जाणारीला कुणी वेगळं पाडणार नाही. तिच्या ओट्यावर बसा, तिच्या हातचा चहा प्या. मोठ्या हळदीकुंकवापेक्षा त्या एका चहाचा उपयोग जास्त. गावात कुणावर हात उगारला जातोय असं कळलं, तर ११२ ला फोन करा. आशाताईला सांगा, पोलीस पाटलांना सांगा. आणि कुणाच्या घरी 'तपासणी करून या' असा धोशा सुरू असेल, तर त्या पोरीच्या कानावर कायद्याची ती गोष्ट घाला, दबाव आणणाऱ्याची.

विशाल फुरिया पुढे काय करतील ते येणारे सिनेमे सांगतील. 'लपाछपी'पासून काजोलच्या सिनेमापर्यंत ते पोचले, आता त्यांच्याकडे पैसा मोठा आहे आणि राक्षसही मोठे आहेत. माझी आपली एवढीच इच्छा आहे की त्यांनी एकदा परत त्या सारवलेल्या घरात यावं, जिथे चूल पेटलेली आहे आणि घाबरायचं कुणाला ते लवकर कळत नाही. तिथलं त्यांना चांगलं दिसतं.

आजच्यापुरतं एवढंच. गटात सिनेमा बघितलात तर काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा, कुणाचंही नाव न घेता ते पुढच्या वेळी सगळ्यांना सांगू. काळजी घ्या, आणि उन्हाळ्यात रात्रीच्या वेळी विहिरीवर जाताना टॉर्च आणि सोबतीण घेऊन जा. हे भुतासाठी सांगत नाही, विंचवासाठी सांगतेय. रामराम.